कुत्र्याशी गेलिक, नातवंडांशी इंग्रजी

आम्ही ज्या घरात उतरलो होतो तिथल्या आजीबाई त्यांच्या कुत्र्याशी गेलिकमध्ये बोलायच्या. ‘त्रोअद’ म्हटलं की कुत्रा धावत यायचा, ‘सुई’ म्हटलं की खाली बसायचा. शनिवारी दुपारी त्यांची दोन नातवंडं आली आणि आजीबाईंची भाषा बदलली. नातवंडांशी सगळं इंग्रजीत. मी पडले भाषा शिकवणारी बाई, न राहवून विचारलंच. त्या हसल्या. म्हणाल्या, "कुत्र्याला इंग्रजी येत नाही ना!" मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही तुमच्या मुलांशी कोणत्या भाषेत बोलता?"

मी म्हणाले, "मराठी आणि उर्दू."

समोर माझा मुलगा बसला होता. त्याने मोबाइलमधून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. मी खोटं बोलले होते, आणि ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळलं होतं.

2024 च्या मे महिन्याच्या सुट्टीतली ही गोष्ट. भाईजान बरीच वर्षं ग्लासगोत आहेत. तीन वर्षं पैसे साठवून आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो. लंडन बघायचं की नाही यावर घरात बराच वाद झाला. शेवटी भाभींनी निकाल दिला की गर्दी आपल्याकडे कमी आहे का, आपण रस्ता संपेल तिथपर्यंत जाऊ. म्हणून नऊ माणसांची गाडी भाड्याने घेतली आणि आम्ही आठ जण स्कॉटलंडच्या वायव्य टोकापलीकडे, लुईस आणि हॅरिसला निघालो. नावं दोन असली तरी बेट एकच आहे. उत्तरेचा सपाट, दलदलीचा भाग लुईस, दक्षिणेचा डोंगराळ भाग हॅरिस. ग्लासगोहून पाच-सहा तास गाडी हाकून उल्लापूल नावाच्या छोट्या बंदरात यायचं, गाडीसकट बोटीत चढायचं आणि पावणेतीन तासांनी स्टोर्नोवेला उतरायचं.

हिरवंगार काही बघायच्या अपेक्षेने गेलात तर पहिल्या तासाभरात निराशा होईल. शहर सोडलं की झाड औषधालाही दिसत नाही. वारा टिकूच देत नाही. तपकिरी दलदल, तिच्यात मध्येच आभाळ दाखवणारी डबकी, आणि कातळ. हा कातळ तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुना आहे, आणि जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ त्याला याच बेटाच्या नावाने ओळखतात. आपल्या सह्याद्रीचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. यांनी, म्हणजे आमच्या भूगोलाच्या सरांनी, गाडी थांबवून त्या कातळाला हात लावला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी लग्नाला वीस वर्षं झालेली बाई सांगते, हे क्वचित घडतं.

दलदलीतून लोक ‘पीट’ काढतात. हजारो वर्षं दबून राहिलेलं गवत आणि शेवाळ म्हणजे पीट. मे महिन्यात त्याच्या विटांसारख्या लाद्या कापायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या आणि थंडीत चुलीत घालायच्या. आपल्याकडे पावसाळ्याआधी शेणी आणि लाकूडफाटा भरून ठेवतात तशी ही बेगमी. आजीबाईंचा पुतण्या आमच्यासमोर लांब दांड्याच्या हत्याराने लाद्या कापत होता. त्या हत्याराला गेलिकमध्ये नाव आहे. मी इंग्रजी नाव विचारलं तर तो अडला.

रस्त्यावरच्या पाट्यांवर वर गेलिक आणि खाली बारीक अक्षरांत इंग्रजी. स्टोर्नोवेची गेलिक पाटी धाकटीने ‘स्टोर्नाभाग’ अशी वाचली आणि मागच्या सीटवरची चारही मुलं ‘भाग, भाग’ करून ओरडायला लागली. आपण रोमन लिपीत ‘भ’ लिहायला जी दोन अक्षरं वापरतो, ती गेलिकमध्ये ‘व’ होतात. म्हणजे खरं तर तिथे ‘वाघ’च्या जवळचा काहीतरी उच्चार होता. मग काय, भाग आणि वाघ दोन्ही मिळाल्यावर पुढचा अर्धा तास कुणाला काही ऐकू आलं नाही.

स्टोर्नोवेत एक छोटं पुस्तक घेतलं, प्रवाशांसाठीचं. रात्री वाचत बसले. मे अखेरीस तिथे मगरिबच दहाच्या पुढे होते, काळोख असा पडतच नाही, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर. गेलिकमध्ये ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ असंच म्हणतात, इंग्रजीसारखं ‘मी पुस्तक बाळगतो’ असं नाही. भूकही ‘माझ्यावर’ असते, म्हणजे आपली ‘मला लागते’ तशीच ती बाहेरून येते. आणि लहानाला एक सर्वनाम, मोठ्याला दुसरं, आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखं. आठवीच्या वर्गात ‘आप’, ‘तुम’ आणि ‘तुम्ही’, ‘तू’ समजावताना मी इंग्रजीला ही सोय नाही म्हणून मुलांना हसवते. इतक्या उत्तरेला, या वाऱ्यात, कुणीतरी आपल्यासारखंच आईला वेगळं आणि कुत्र्याला वेगळं संबोधतंय हे वाचून मला उगाचच घरी आल्यासारखं वाटलं.

हॅरिसचे रस्ते मात्र भाईजानची परीक्षा पाहणारे होते. पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याला ‘सोनेरी रस्ता’ म्हणतात. सोन्यासारखा दिसतो म्हणून नव्हे, बांधायला इतका खर्च आला म्हणून. एकाच गाडीची रुंदी, एका बाजूला खडक, दुसरीकडे पाणी, आणि वळणावर आरामात रवंथ करणारी मेंढी. ठरावीक अंतरावर रस्त्याला एक पोट काढलेलं असतं, तिथे ‘पासिंग प्लेस’ अशी पाटी. समोरून गाडी दिसली की ज्याला ती जागा जवळ, त्याने थांबायचं. दुसरा जाताना हात वर करतो. चार दिवसांत मी हॉर्न ऐकला नाही. आमच्या म्हसळ्याच्या वाटेवरचा अरुंद पूल आठवला. तिथे दोन एसट्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या की आधी हॉर्न, मग आवाज, मग उतरून एकमेकांची खानदान काढणं. भाईजानने पहिल्या दिवशी कुणालाच जागा दिली नाही, ग्लासगोत राहूनही आपला कोकणी स्वभाव गेलेला नाही. तिसऱ्या दिवशी ते दूरवर गाडी दिसली तरी थांबून वाट बघायला लागले, इतके की भाभी वैतागल्या.

त्या पूर्व किनाऱ्यावर माणसं आपखुशीने राहायला गेली नाहीत. पश्चिमेला पांढरी वाळू आणि तिच्यामागे सुपीक कुरण आहे. एकोणिसाव्या शतकात जमीनमालकांनी मेंढ्यांसाठी ते कुरण मोकळं केलं आणि कुळांना या खडकांवर ढकललं. तिथे त्यांनी समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून, खडकांच्या खाचांत माती तयार करून बटाटे लावले. मयत दफन करायलाही पुरेशी खोल माती नव्हती. मयत खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचे आणि पश्चिमेच्या वाळूत दफन करायचे. ती वाट अजून आहे. आम्ही तिच्यावर थोडंसं चाललो, सगळ्यांनी मनात फातिहा पढली.

मालकांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. स्टोर्नोवेच्या धक्क्यासमोर झाडीत एक देखणा किल्ला आहे. लुईसमध्ये झाडं आहेत ती मुख्यतः तिथेच, मुद्दाम लावलेली. 1844 मध्ये जेम्स मॅथेसन नावाच्या व्यापाऱ्याने सगळं लुईस विकत घेतलं आणि तो किल्ला बांधला. पैसा चीनला विकलेल्या अफूचा. अफू आपल्या हिंदुस्थानची, आणि मुंबईत या कंपनीचे मोठे भागीदार म्हणजे जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आहे. माझ्या अम्मीचं ऑपरेशन तिथेच झालं होतं. किल्ल्यासमोर उभं राहून मला काय वाटावं ते कळेना. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "सो वी पेड फॉर इट?" त्याचं बरोबर होतं. पण त्याने ते कोणत्या भाषेत म्हटलं, तेही मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही होमच्या किनाऱ्यावर गेलो. 1 जानेवारी 1919 च्या पहाटे ‘आयोलेर’ नावाचं जहाज तिथे खडकावर फुटलं. पहिलं महायुद्ध संपून बेटावरचे नाविक नववर्षासाठी घरी येत होते. बंदराचे दिवे दिसत होते. 201 माणसं बुडाली. युद्धातून वाचलेली माणसं दारात गेली. म्हणतात की पुढे कित्येक वर्षं बेटावर कुणी त्याबद्दल बोलत नसे.

ती पाटी वाचताना मला माझी दादी आठवली. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्याकडच्या किनाऱ्यावर असं गाव नसेल जिथे ही गोष्ट सांगत नाहीत. दादी ती सांगायची आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीत. ती बोली ना धड मराठी, ना उर्दू. तिच्यात वाऱ्याला चार नावं आणि लाटेला पाच. दादी ‘खडप’ म्हणायची तेव्हा आम्हाला ते काळं, निसरडं, पाण्याखाली दबा धरलेलं दिसायचं. होमच्या किनाऱ्यावर वाऱ्यात उभं राहून मी माझ्या दोन्ही मुलांना ‘रामदास’ची गोष्ट सांगितली. इंग्रजीत सांगितली. सांगून संपल्यावर माझ्या ते लक्षात आलं. मुलं "ओह" म्हणाली आणि गाडीकडे पळाली.

म्हणूनच संध्याकाळी आजीबाईंचा प्रश्न इतका लागला.

त्या रात्री त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. शाळेत जाईपर्यंत त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. शाळेत गेलिकचा एक शब्द चालत नव्हता. स्कॉटलंडच्या 1872 च्या शिक्षण कायद्यात गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. गेलिक बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात काठी अडकवायचे, अशा आठवणी जुनी माणसं सांगतात. पण आजीबाईंना मारलं बिरलं नाही कुणी. त्यांचे वडीलच म्हणायचे, गेलिक तुला बोटीपलीकडे नेणार नाही. पुढे त्यांना मुलं झाली, तेव्हा त्यांनी आणि नवऱ्याने ठरवलं की मुलांशी इंग्रजीच बोलायचं. आपसात गेलिक. मुलांना कळू नये असं काही असलं की हमखास गेलिक. "त्यांना वाटायचं, ही भांडणाची भाषा आहे," असं म्हणून त्या पुन्हा हसल्या.

मला हसू आलं नाही. कारण आमच्या घरी बोली नेमकी अशीच वापरली जाते. कर्ज, सासू आणि आजारपण.

1891 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांच्या आसपास होते. 2011 पर्यंत ते साठ हजारांच्या आत आले. 2022 मध्ये देशभरचा आकडा थोडा वाढला, कारण शहरांतली मुलं शाळेत शिकतायत. पण ज्या बेटांवर ही भाषा घराघरात होती, तिथे बोलणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेले. मधल्या काळात काही कमी झालं नाही. 2005 मध्ये गेलिकसाठी कायदा झाला, 2008 मध्ये टीव्ही वाहिनी आली, पाट्या आल्या. 2020 मध्ये तिथल्या स्थानिक परिषदेने जाहीर केलं की पहिलीत येणारं मूल आपोआप गेलिक माध्यमात जाईल. इंग्रजी हवी असेल तर पालकांनी तसं सांगायचं. आपल्याकडे असं कुणी म्हणून तर बघावं!

एवढं करूनही आजीबाई नातवाला "कम हिअर" म्हणतात. सवयीचं दुसरं टोक सुटत नाही. नातू शाळेत गेलिक शिकतो, गुणही चांगले आहेत त्याला. पण घरी आजीशी ती भाषा बोलायची असते, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही.

स्टोर्नोवेत मशीद आहे. 2018 च्या मे महिन्यात, रमजानच्या तोंडावर ती सुरू झाली, या बेटांवरची पहिली. बेटावर सगळ्यांना ती रुचली असं नाही, पण तिथल्या मोठ्या चर्चने आडकाठी केली नाही. जुम्याला भाईजान, हे आणि मुलगा तिथे गेले. गेल्या शतकात पंजाबातून आलेली काही कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पहिली माणसं कपड्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव दारावर विकायची. गिऱ्हाईक गेलिक बोलणारं, म्हणून ती गेलिक शिकली. त्यांची पोरंही शिकली. मी बाहेर बाकावर बसले होते, तर आपल्याकडच्याच चेहऱ्याचा एक तरुण फोनवर गेलिकमध्ये कुणाशी तरी तावातावाने बोलत गेला. रस्त्यावरच्या एकाही माणसाने वळून पाहिलं नाही.

याचा मला हेवा वाटला, हे कबूल करते. बावीस वर्षं मराठी शिकवतेय. बुरखा घालून कुठल्याही तालुक्याच्या प्रशिक्षणाला गेले आणि तोंड उघडलं की कुणीतरी कौतुकाने म्हणतंच, "बाई, तुमचं मराठी किती छान!" वाईट हेतू नसतो. पण छान म्हणजे काय? माझ्या गावात मराठीशिवाय दुसरं होतं काय? शेख महंमद श्रीगोंद्यात बसून ‘योगसंग्राम’ लिहीत होते, त्याला चारशे वर्षं होत आली. ‘इंधन’ लिहिणारे हमीद दलवाई आमच्या कोकणातल्या मिरजोळीचे. पूर्वी मी हे सगळं त्या कौतुक करणाऱ्यांना ऐकवायचे. आता नुसतं "शुक्रिया" म्हणते आणि त्यांचा चेहरा बघते.

पण बाकावरून उठताना वेगळाच विचार आला. परक्यांनी मला मराठीवरचा हक्क नाकारला म्हणून मी आयुष्यभर चिडले. माझ्या मुलांना तो हक्क कुणी नाकारला? कुठल्या संघटनेने नाही, सरकारने नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी इंग्रजी शाळेच्या डायरीत ‘घरी मुलांशी इंग्रजीत बोला’ असं छापलेलं होतं, आणि बीएडची पदवी असलेल्या, मातृभाषेतून शिक्षणावर निबंध लिहून पहिली आलेल्या बाईने ते मुकाट्याने पाळलं. आधी फक्त गृहपाठापुरतं. मग जेवताना. मग रागावतानाही. राग इंग्रजीत आला की समजावं, आता फार काही उरलेलं नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जण आहोत. पट घसरतोय म्हणून दरवर्षी जूनमध्ये दारोदार हिंडतो, पालकांना मादरी जबानचं महत्त्व सांगतो. स्वतःची मुलं उर्दू शाळेत घातलेला आमच्यात एकच, तो शिपाई. पालक येडे नाहीत. ते आमच्या बोलण्याकडे नाही, आमच्या मुलांच्या गणवेशाकडे बघतात.

हे मी हॅरिसच्या रस्त्यावर भाईजानशी बोलले तेव्हा ते म्हणाले, "तू आता निवांत आहेस म्हणून तुला सुचतंय. इंग्रजी नसती तर मी इथे असतो का?" नसतेच. आजीबाईंच्या वडिलांचंही चुकलं नव्हतं, गेलिकने खरंच कुणाला बोटीपलीकडे नेलं नसतं. इंग्रजी हवीच, आणि ती मुलांना मिळणारच. शाळा देईल, मोबाइल देईल, रस्ता देईल. तिला माझ्या जेवणाच्या ताटाची गरज नाही. बोलीला मात्र तेवढी एकच जागा आहे. माझ्या वर्गातली मुलं घरी बोली, मदरशात अरबी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि यूट्यूबवर हिंदी ऐकतात आणि दमत नाहीत. दमतो तो आपण, त्यांच्याशी बोलायला.

सरकारला दोष द्यायला माझी ना नाही. उर्दू शाळांची रिक्त पदं भरत नाहीत, मराठी शाळा एकेक करून मिटतायत, ते भांडण भांडायलाच हवं. राज्यात 2020 पासून सगळ्या माध्यमांत मराठी सक्तीची आहे, ते चांगलंच आहे. आम्ही सहलीहून आलो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा उर्दू शाळेत मी स्वतः पेढे वाटले. घरी उरलेला पेढा मुलाला दिला. तो म्हणाला, "व्हॉट्स द ऑकेजन?"

रविवार उरला होता. लुईसमध्ये रविवार म्हणजे देवाचा दिवस, अजूनही. आम्ही होतो तेव्हा दुकानं बंद, धुणं वाळत घालत नाहीत. पूर्वी बागेतले झोपाळेसुद्धा बांधून ठेवायचे. रविवारची बोट 2009 साली सुरू झाली तेव्हा धक्क्यावर विरोध करायला लोक उभे होते. आम्ही येऊन सहा महिने झाले नाहीत तोच एका मोठ्या दुकानाने रविवारीही दार उघडलं. मुलं कंटाळली. मला तो दिवस आवडला, सक्ती मात्र आवडली नाही. आपल्या जुम्याला तर नमाज झाली की पुन्हा कामाला लागायचीच मुभा आहे.

सकाळी आम्ही दोघं एका चर्चबाहेर उभे राहिलो. आत गेलिकमधली स्तोत्रं चालली होती. एक माणूस ओळ उचलतो आणि बाकीचे ती आपापल्या गतीने ओढत नेतात. वाद्य नाही. लाट फुटून परत जाते तसा आवाज. बारावफातच्या रात्री आमच्या गावातली म्हातारी माणसं मिळून सलाम म्हणायची, ते आठवलं. आजीबाई त्या गर्दीतून बाहेर आल्या, आमच्याशी गेलिकमध्येच काहीतरी म्हणाल्या, मग भानावर येऊन इंग्रजीत हवामान सांगितलं. गाणाऱ्यांत पन्नाशीच्या आतलं माणूस मला दिसलं नाही.

निघताना मी त्यांना खरं सांगून टाकलं. माझी मुलं माझ्याशी मराठीत बोलत नाहीत, मीही बोलत नाही. त्यांनी माझा हात थोपटला. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या पायाशी कुत्रा होता, त्याला मात्र काहीतरी म्हणाल्या.

घरी आल्यावर जेवताना बोली बोलायची असं मी जाहीर केलं. पहिले आठ दिवस ताटावर शांतताच होती. मुलगा ‘पाणी’ एवढा एक शब्द वापरायचा. गेल्या पावसाळ्यात वीज गेली त्या रात्री मी ‘रामदास’ पुन्हा सांगितली, या वेळी दादीच्या शब्दांत, जेवढे आठवले तेवढ्या. काही मलाही आठवले नाहीत, म्हणून अम्मीला फोन लावून विचारले. धाकटीने अर्थ विचारायला तीन वेळा अडवलं. मुलगा खिडकीशी बसून होता. खडपापाशी आले तेव्हा तो म्हणाला, "थांब. खडप म्हणजे ते, तिकडे बघितलेलं तसंच ना?"

मी म्हटलं, "तसंच. फक्त आपलं काळं असतं."